पाना कोणाच्या हातात आहे?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर शेतमालाचे भाव, पाणीवाटप, शिक्षणाचा बाजार असे भारदस्त विषय असताना जुना लष्करी ट्रक चालवण्याचा आणि राखण्याचा विषय मी मागून घेतला, याचे काहींना नवल वाटले असेल. कारण सांगतो. आपल्या गेल्या काही बैठकांत एक सूचना पुन्हा पुन्हा येत आहे. लष्कराने काढून टाकलेला एखादा ट्रक लिलावात घ्यावा, त्यावर पाण्याची टाकी बसवावी आणि उन्हाळ्यात ज्या वाड्यातांड्यांवर टँकर पोहोचत नाही तेथे आपण पोहोचावे, अशी ती सूचना आहे. सूचना चांगली आहे. वर्गणी गोळा करण्याची तयारीही अनेकांनी दाखवली आहे. परंतु रकमेचा हिशेब ज्या तत्परतेने मांडला गेला, त्या तत्परतेने एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. ही गाडी चालवणार कोण, आणि ती माळावर बंद पडली तर तिच्याखाली शिरणार कोण?

माझे म्हणणे प्रारंभीच मांडून ठेवतो. गाडीची मालकी नोंदणीच्या कागदावर लिहिली जाते. पण ती गाडी लोकांच्या कामाची राहते की नाही, हे तिला चालू ठेवण्याचे ज्ञान कोणापाशी आहे यावर ठरते. हे ज्ञान आपल्यापाशी नसेल, तर आपण कागदोपत्री मालक होऊ आणि प्रत्यक्षात दुसऱ्याचे ताबेदार राहू. म्हणून आधी माणसे शिकवावीत, मग गाडी घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

लष्करी गाडी नागरी जीवनात कशी आली

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा या देशात दोस्त सैन्यांच्या वाहनांचा प्रचंड साठा पडून होता. अमेरिकन जीप, डॉज आणि जीएमसीचे ट्रक, कॅनडात बांधलेले फोर्ड व शेव्हरलेट अशा नाना प्रकारच्या गाड्या त्यांत होत्या. सरकारने हा साठा विकावयास काढला आणि 'डिस्पोजलचा माल' हा शब्द मराठीत कायमचा रुजला. याच सुमारास युद्धकाळात सैन्यात भरती होऊन चालक किंवा फिटर झालेली शेतकऱ्यांची मुलेही मोकळी होऊन गावोगाव परतत होती. गाडी आणि गाडी जाणणारा माणूस, दोन्ही एकाच वेळी नागरी जीवनात आली. त्या गाड्या पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर राहिल्या याचे मर्म मला येथे दिसते. नुसता माल आला असता आणि माणूस आला नसता, तर त्या साऱ्याचे भंगार व्हावयास वेळ लागला नसता.

आपला मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ च्या कारवाईत भारतीय सैन्याच्या गाड्या लातूर आणि अंबाजोगाईच्या वाटेने आल्या. आपल्याकडील अनेक वृद्धांच्या तोंडून लष्करी ट्रकचे पहिले वर्णन ऐकू येई ते त्या दिवसांतले.

त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. काश्मीरमध्ये लढाई सुरू असताना लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी एका परदेशी कंपनीशी लष्करासाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा करार केला. करार सुमारे ८० लाख रुपयांचा होता आणि बरीचशी रक्कम आगाऊ देण्यात आली. प्रत्यक्षात हाती आल्या १५५ जीप, आणि त्याही चालण्याच्या अवस्थेत नव्हत्या. स्वतंत्र भारतातील पहिले मोठे गैरव्यवहार प्रकरण म्हणून ते गाजले व १९५५ साली सरकारने ते बंद केले. त्यातील राजकारण क्षणभर बाजूला ठेवा. जुनी लष्करी गाडी घेताना पैसे मोजण्यापूर्वी जाणत्या माणसाने तिचे इंजिन ऐकले पाहिजे, तिच्याखाली वाकून पाहिले पाहिजे, हा साधा व्यवहार एका राष्ट्राच्या पातळीवरही सुटू शकतो, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे.

पुढे हेच कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना जर्मनीच्या 'मान' कंपनीशी करार होऊन जबलपूरच्या सरकारी कारखान्यात 'शक्तिमान' ट्रक तयार होऊ लागला. पहिली गाडी १९५९ साली बाहेर पडली. ही गाडी १९९६ पर्यंत बनत होती आणि दोन पिढ्यांच्या जवानांनी ती लडाखपासून राजस्थानपर्यंत चालवली. परक्यांची जुनी गाडी विकत घेण्यापासून स्वतः गाडी बांधण्यापर्यंतचा हा प्रवास देशाने अकरा वर्षांत केला. मधल्या काळात देशाने मिळवले ते प्रामुख्याने शिक्षण होते. आपल्या तालुक्याच्या पातळीवर आपल्याला हाच प्रवास छोट्या प्रमाणात करावयाचा आहे.

गाडी येते, शिस्त मागे राहते

लष्कराची गाडी इतकी वर्षे का टिकते, याचे उत्तर पुष्कळ लोक 'मजबूत पत्रा' असे देतात. पत्रा मजबूत असतो हे खरे, पण ते उत्तर अपुरे आहे. लष्करात चालकाला दिवसातून तीन वेळा गाडीची तपासणी करावी लागते. निघण्यापूर्वीच्या तपासणीला फर्स्ट परेड म्हणतात, वाटेतील थांब्यावरच्या तपासणीला हॉल्ट परेड आणि परत आल्यावरच्या तपासणीला लास्ट परेड. पहिल्या वेळी तेल, पाणी, हवा, पट्टा, ब्रेक आणि चाकांचे नट पाहायचे. थांब्यावर चाकाच्या तुंब्याला हात लावून तो नेहमीपेक्षा अधिक तापला आहे काय ते पाहायचे, गाडीखाली गळतीचा डाग पडला आहे काय ते पाहायचे. परतल्यावर धुणे, डिझेल भरणे आणि दिवसभरात जे खटकले ते वहीत लिहिणे. गाडी कितीही घाईच्या कामावर असो, यातून सुटका नसते.

लिलावात आपल्याला गाडी मिळते, पण ही परेड मिळत नाही. नवा मालक बाणाचे चिन्ह असलेली लष्करी नंबरपट्टी काढतो, गाडीला रंग देतो, टपावर देवाचे नाव लिहितो आणि त्या दिवसापासून गाडी 'चालते आहे तोवर चालू द्या' या न्यायाने हाकली जाते. मग दोन उन्हाळ्यांत तिचा कणा ढिला झाला की 'लष्कराने खराब माल विकला' असा निष्कर्ष निघतो.

आपल्या गावगाड्याला ही शिस्त अगदीच परकी नव्हती. बैलगाडी जुंपण्यापूर्वी कण्याला वंगण घातले आहे काय हे लहान पोरही पाहत असे. चाकाची धाव सैल झाली की लोहाराकडे, आरा मोडला की सुताराकडे गाडी जाई. बलुतेदारीतील अन्याय मी विसरलेलो नाही. लोहार-सुताराला त्याच्या ज्ञानाचा मोबदला धान्याच्या सुपात मिळत असे आणि मान तर मिळतच नसे. परंतु वाहन दुरुस्त करण्याचे ज्ञान गावाच्या शिवेच्या आत होते, एवढे मान्य करावे लागेल. यंत्राची गाडी आली आणि ते ज्ञान तालुक्याच्या गॅरेजमध्ये गेले. गावाकडे उरले ते भाडे भरणे.

चालवणे म्हणजे ऐकणे

मी स्वतः अशा एका गाडीवर काही उन्हाळे काढले आहेत. शिकवणारे उस्ताद कंधार तालुक्यातले, लष्करातून निवृत्त झालेले चालक होते. पहिले आठ दिवस त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसूच दिले नाही. रोज पहाटे गाडीभोवती फिरायचे, ग्रीसचे निपल मोजायचे आणि कोणत्या निपलात ग्रीस शिरत नाही ते सांगायचे, एवढेच काम. चिखलाने बंद झालेले निपल म्हणजे कोरडा पडत चाललेला सांधा, हे त्या आठ दिवसांत माझ्या हाताला कळले.

जुन्या गाडीचा गिअर बदलणे ही आजच्या मोटारी चालवणाऱ्याला अवघड वाटणारी गोष्ट आहे. नव्या गिअरपेटीत दोन चाकांची गती जुळवून देणारी योजना असते. पुष्कळ जुन्या गाड्यांत ती नसते किंवा झिजलेली असते. तेथे 'डबल क्लच' मारावा लागतो. क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणावयाची, क्लच सोडावयाचा, खालचा गिअर घ्यावयाचा असेल तर थोडी रेस द्यावयाची, पुन्हा क्लच दाबावयाचा आणि मग दांडा पुढे सारावयाचा. रेस कमी पडली की दात कचकचतात, जास्त झाली तरी कचकचतात. डोळ्यांपेक्षा येथे कान महत्त्वाचा. बालाघाटच्या उतारावर भरलेली गाडी असताना हा गिअर पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्येच धावू लागते आणि सारा भार ब्रेकवर येतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घेऊन ठेवावा, हा नियम प्राणरक्षणाचा नियम आहे.

चारही चाकांना जोर देणारी गाडी हे लष्करी वाहनांचे मोठे आकर्षण. आपल्या काळ्या मातीत एका पावसानंतर साधा ट्रक रुतून बसतो, तेथे ही गाडी निघते. पण ज्या गाड्यांत पुढची चाके दांड्याने जोडता-सोडता येतात, त्यांत ती कडक डांबरी रस्त्यावर जोडलेली ठेवू नयेत. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबची वाट चालावी लागते. मऊ मातीत चाक थोडे घसरून ही तफावत भरून निघते. डांबरावर ते घसरत नाही आणि सारा पीळ दांडे व गिअरपेटी यांवर येतो. ताकद मिळाली म्हणून ती सदैव लावून ठेवावयाची नसते, हे यंत्रही सांगते.

आणि आता पाण्याचा हिशेब, कारण आपली योजना पाण्याची आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तीन टनी गाडीवर तीन हजार किलो भार. त्यातून लोखंडी टाकीचे वजन वजा केले की पाणी अडीच हजार लिटरच्या आसपास उरते. साठ घरांच्या तांड्याला घरटी दोनशे लिटर द्यावयाचे ठरवले तर बारा हजार लिटर लागतात, म्हणजे पाच खेपा. एका खेपेत काम उरकावे म्हणून मोठी टाकी बसवणारे पुष्कळ आहेत. त्यांचे पाटे तुटतात, टायर फुटतात आणि ब्रेक निकामी होतात. शिवाय पाणी हा हलता भार आहे. टाकी अर्धी असताना ब्रेक दाबला की पाणी पुढे धावते आणि गाडीला ढकलते. वळणावर ते एका कुशीला जाते आणि गाडी उलटवते. म्हणून टाकीच्या आत आडव्या पत्र्यांचे कप्पे हवेत आणि शक्यतो टाकी पूर्ण भरून निघावे व पूर्ण रिकामी करून परतावे. टाकी बसवणे हा कायद्याने वाहनातील बदल आहे. परिवहन कार्यालयाची मंजुरी घेतल्यावाचून ती बसवू नये. चालकाजवळ मालवाहू वाहनाचा परवानाही हवा. वयाची वीस वर्षे पूर्ण आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना, या अटी त्यासाठी आहेत.

राखण्याची विद्या

डिझेल गाडी माळावर बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण फार साधे असते. टाकी कोरडी पडली किंवा नळीचा एखादा सांधा सैल झाला की नळीत हवा शिरते. पंप डिझेल दाबू शकतो कारण द्रव दबत नाही. हवा मात्र दबून जाते आणि नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. चालक सेल्फ मारत राहतो आणि बॅटरी उतरते. उपाय असा की फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करावा, हातपंप चालवावा आणि बुडबुडे संपून निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू घट्ट करावा. दहा मिनिटांचे आणि एका पान्याचे काम आहे. हे ठाऊक नसलेल्या माणसासाठी मात्र तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंतचा अर्धा दिवस, त्याचे भाडे आणि तांड्यावर घागरी घेऊन ताटकळलेल्या बायका, एवढी त्याची किंमत आहे.

उन्हाळ्यातील दुसरा शत्रू म्हणजे धूळ. अनेक जुन्या गाड्यांत तेलाचे भांडे असलेला एअर क्लीनर असतो. आत जाणारी हवा तेलावरून वळते आणि धूळ तेलात अडकते. पक्क्या रस्त्यावर त्या तेलाकडे बरेच दिवस पाहिले नाही तरी निभावते, टँकरच्या मातीच्या वाटेवर ते लवकर चिखल बनते. मग धूळ सिलिंडरमध्ये शिरते, रिंगा घासतात, इंजिन तेल खाऊ लागते आणि मागून धूर सोडते. जुन्या गाड्यांच्या धुराबद्दल आपण बोलतो, त्यातील मोठा भाग वयाचा नसून हेळसांडीचा असतो.

रेडिएटरचे पाणी, पंख्याचा पट्टा, ब्रेकचे लायनर, टॅपेटमधील अंतर यांविषयी असेच बोलता येईल, पण ते भाषणात शिकता येत नाही. ते हात काळे करूनच येते.

उस्ताद आणि आपण

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. श्रमप्रतिष्ठेवर आपण पुष्कळ बोलतो. परंतु आपल्या सभांना जीप घेऊन येणारा चालक सभा चालू असताना कोठे बसतो, हे आपण कधी पाहिले आहे काय? तो बाहेर गाडीजवळ बसतो आणि जेवणाची पंगत उठल्यावर त्याची आठवण होते. नांदेड-लातूरच्या हमरस्त्यांलगतच्या गॅरेजांत जे मिस्त्री काम करतात त्यांत मुसलमान आहेत, शीख आहेत, दलित आहेत, बारा बलुत्यांच्या घरांतून आलेले आहेत. 'उस्ताद' ही पदवी आपल्याकडे दोनच ठिकाणी मनापासून दिली जाते, गाण्याच्या मैफलीत आणि गॅरेजमध्ये. गाणाऱ्या उस्तादाला आपण व्यासपीठावर बसवतो. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरमध्ये दोष आहे हे सांगणाऱ्या उस्तादाला मात्र आपण अशिक्षित समजतो.

त्याच्या हाताखाली क्लीनर असतो. पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा, बहुधा शाळा सुटलेला. चाके धुणे, उतारावर चाकाखाली दगड लावणे आणि रात्री मालाची राखण करणे यांत त्याची वर्षे जातात. उस्तादाची मर्जी असली तर विद्या मिळते, नसली तर शिव्या. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली जो कायदा झाला, त्याने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आणि लहान मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना लागू होणारा कायदा होता. एक ट्रक, एक चालक आणि एक क्लीनर असलेला धंदा त्याच्या कक्षेबाहेर राहिला, आणि आपल्याकडील पुष्कळसा धंदा असाच आहे. मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ साली केंद्र सरकारने काढून टाकली. अनेक गरीब मुलांना त्यामुळे वाट मोकळी झाली, हे चांगले झाले. पण शाळेची अट गेली तरी शिक्षणाची गरज गेलेली नाही. उलट त्या मुलांना नीट शिकवण्याची समाजाची जबाबदारी वाढली आहे.

आपण गाडी घेणार असू तर क्लीनर ठेवू नये, शिकाऊ ठेवावा. त्याला ठरलेले वेतन, ठरलेले तास आणि शिकवण्याचा ठरलेला क्रम असावा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तेथील सिद्धान्त आणि उस्तादाचा हात यांची गाठ घालून देणे हे संघटनेचे काम आहे.

शेवटचे दोन मैल

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तरादाखल आपल्याच भागातील दोन प्रसंग आठवा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर जमीनदोस्त झाला. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. लष्कर आले, देशभरातून मदत आली. परंतु मदतीच्या आणि बघ्यांच्याही गाड्यांनी रस्ते तुंबले. हमरस्त्यावरच्या गावी कपड्यांचे ढीग पडले आणि आडवळणाच्या वस्त्या वाट पाहत राहिल्या. माल कमी नव्हता. आडवाटेने गाडी नेण्याची आणि रुतली तर काढण्याची तयारी असलेली माणसे कमी होती.

दुसरा प्रसंग २०१६ चा. मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून ३४२ किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर आले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली आणि शंभराहून अधिक खेपा झाल्या. साऱ्या देशाने त्या गाडीचे छायाचित्र पाहिले. पण स्थानकावर उतरलेले ते पाणी शुद्ध होऊन गल्लीत पोहोचवण्याचे काम टँकरवाल्यांच्या हाती होते. कोणत्या गल्लीत टँकर आधी जाईल, कोठे रस्ता अरुंद म्हणून जाणार नाही, कोठे 'गाडी नादुरुस्त आहे' असे सांगितले जाईल, हे स्टिअरिंग ज्याच्या हाती तो आणि त्याला पैसे देणारा ठरवतो. दुष्काळात सत्ता मंत्रालयात असते तशीच ती या शेवटच्या दोन मैलांतही असते. 'गाडी नादुरुस्त आहे' या शब्दांतील खरेखोटे ओळखणारा एक माणूस वस्तीत असला, तरी त्या सत्तेला थोडा वचक बसतो.

आक्षेपांचा विचार

या योजनेला विरोध करणाऱ्या साथींचे म्हणणे मी गंभीरपणे घेतो. जुन्या गाड्या प्रदूषण करतात आणि सरकारचे धोरणही त्या मोडीत काढण्याचे आहे, असे ते म्हणतात. खरे आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. संरक्षण व अंतर्गत सुरक्षेसाठीच्या विशेष वाहनांचा तेवढा अपवाद आहे. शक्तिमानचे उत्पादन १९९६ साली थांबले, तेव्हा तिचे सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण होणार, हेही उघड आहे. म्हणून लष्करी गाडीचा मोह म्हणून शक्तिमानच घ्यावी असा माझा हट्ट मुळीच नाही. तिच्या नंतर आलेली, जिच्या कंपनीचे नागरी ट्रक आपल्या गॅरेजवाल्यांच्या हाताखालून रोज जातात अशी गाडी मिळाली तर ती अधिक सोयीची. आणि कोणतीही गाडी योग्यता तपासणीत उतरत नसेल, तिचा सांगाडा तडकला असेल, ब्रेक भरवशाचे नसतील, तर ती भंगारात गेली पाहिजे. भावनेपोटी धोकादायक यंत्र रस्त्यावर ठेवणे म्हणजे चालकाच्या आणि वाटसरूच्या जिवाशी खेळणे आहे. पण ही गाडी आता पुरे झाली, हा निर्णयही जाणत्या माणसानेच घ्यावा लागतो. ज्याला दुरुस्ती येत नाही त्याला दुरुस्तीपलीकडचे काय हेही कळत नाही. तो चांगली गाडी भंगारात घालतो आणि वाईट गाडी घाटात नेतो.

भाड्याचा टँकर स्वस्त पडेल, असा दुसरा आक्षेप आहे. सुकाळात तो पडेलही. दुष्काळात भाडे कोण ठरवते, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही.

करावयाचे काय

माझ्या सूचना चारच आहेत. पहिली, प्रत्येक तालुक्यातून दोघांनी या कामासाठी नाव द्यावे, आणि त्यांत स्त्रियाही असाव्यात. पाण्याची घागर ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांच्या हातात पाना यावयास काहीच हरकत नाही. दुसरी, या मंडळींनी सहा महिने एखाद्या उस्तादाच्या गॅरेजमध्ये काम करावे, आणि उस्तादाला संघटनेने शिक्षक म्हणून रीतसर मानधन द्यावे. तिसरी, गाडी पाहावयास लिलावाच्या ठिकाणी पुढाऱ्यांनी न जाता हीच मंडळी व उस्ताद यांनी जावे आणि त्यांनी 'नको' म्हटले तर वर्गणी कितीही जमली असली तरी गाडी घेऊ नये. चौथी, गाडी आल्यावर तिची वही ठेवावी. किती किलोमीटर, किती डिझेल, कोणत्या वस्तीला किती खेपा, काय बिघडले आणि कोणी दुरुस्त केले, हे रोज लिहावे आणि ती वही दर महिन्याला गावसभेत वाचून दाखवावी. लष्कराची परेड आपण अशी लोकांसमोर आणू.

गाडी विकत घेण्याचा ठराव पुढील बैठकीपुढे येणार आहे. त्या ठरावाच्या आधी शिकावयास निघालेल्यांची नावे वाचली जावीत, अशी माझी विनंती आहे. नावे नसतील तर ठराव पुढे ढकलावा.